विल कुठे नको

आठवीच्या वह्या तपासताना ‘काळ बदला’ या प्रश्नावर लाल पेन फारसं चालत नाही. क्रियापदाच्या आधी ‘विल’ ठेवायचं, शेपटीचा ‘एस’ काढायचा, झालं. कुणी ‘ही विल गोज’ लिहितं, ते खोडलं की भागतं. खरी गंमत पुढच्या परिच्छेदात असते: सुट्टीत काय करणार?

‘व्हेन माय मामा विल कम, वी विल गो टू कोकण.’ मराठी माध्यमाच्या वहीत हे वाक्य ठरलेलंच. मामा येईल तेव्हा आम्ही जाऊ. दोन्ही क्रियापदं भविष्यातली, मग विल दोनदा. इंग्रजीत मात्र ‘अमुक होईल तेव्हा’ किंवा ‘झालं तर’ सांगणाऱ्या भागात साधा वर्तमानकाळ येतो: ‘व्हेन माय मामा कम्स’. मुलं लगेच हरकत घेतात, “सर, पण मामा अजून आलाय कुठे?” हरकत रास्त आहे. मग मी फळ्यावर मराठीतच लिहितो: पाऊस आला तर मॅच होणार नाही. पाऊस तरी कुठे आलाय? ‘इफ रेन केम’ हे वहीतलं दुसरं नेहमीचं वाक्य कुठून आलं, तेही इथेच कळतं. नुसत्या लाल गोलाने ते कळत नाही.

एवढं पटलं की एखादी चौकस मुलगी ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य पुढे करते. ते बरोबर आहे. तिथे ‘व्हेन’ म्हणजे ‘कधी’, ‘तेव्हा’ नव्हे. अशा प्रश्नाने तास लांबतो, लांबू द्यावा.

‘आय’, ‘वी’ला शॅल आणि बाकीच्यांना विल, हा नियम काही पालक अजून घरी घोकून घेतात. जॉन वॉलिसने तो १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. हा वॉलिस गणिती, अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह त्याचंच. आज बोलण्यात ‘आय विल’ सर्रास चालतं; शॅल उरलाय तो मुख्यतः ‘शॅल वी गो?’ अशा विचारण्यात आणि कायद्याच्या भाषेत. मी शॅलसाठी गुण कापत नाही.

‘गोइंग टू’ला वेळ लागत नाही. आभाळ भरून आलं की खिडकीकडे बोट दाखवायचं: ‘इट इज गोइंग टू रेन’. ‘जाईन’ आणि ‘जाणार आहे’ यांतला फरक मुलांच्या कानात असतोच.

मुलं धसका घेतात तो ‘विल हॅव’चा. तिथे मी विचारतो, “आत्ता घरी काय चाललं असेल?” उत्तरं धडाधड येतात: आई कामावर पोचली असेल, आजीने डाळ निवडली असेल. ‘शी विल हॅव रीच्ड’ हे त्याच साच्यातलं. मग ‘बाय टुमॉरो’ जोडून पुढचं बोलायला लावतो. तक्ता त्यानंतर, तोही अर्धाच. कंटिन्युअसची ओळ दुसऱ्या दिवशी.