किप जमेना म्हणून रडणारी लेक

"मावशी, मी उद्यापासून क्लासला जाणार नाही. माझ्या हातात जोरच नाही."

आमच्या शेजारची पाचवीतली मुलगी जिन्यात बसून रडत होती. तळहात लाल झालेले, एका बोटाखालची कातडी सोललेली. शाळेतल्या सरांनी तिची चपळाई पाहून तिला जिम्नॅस्टिक्सला घातले. जमिनीवरच्या कसरतीत ती कोणाला हार जात नाही, पण बारवर तिची गाडी अडली. चार महिने झाले, 'किप' काही जमत नाही. बरोबरीच्या दोघींना जमली. तिची आई धुण्याभांड्याचे एक घर सोडून तिला क्लासला नेते. त्या सोडलेल्या घराचा हिशेब पोरीला कोणी सांगितला नव्हता. पण एका खोलीच्या संसारात पोरांना सगळे कळते.

मातापित्यांनो, अशी मुलगी आपल्याही घरात असेल. तिला मदत करायची, तर किप म्हणजे काय हे आधी आपण समजून घेतले पाहिजे.

मुलींच्या स्पर्धेत दोन आडव्या दांड्या असतात. एक जमिनीपासून २५० सेंटिमीटर उंच, दुसरी १७०. दांडीला लोंबकळत झोका घ्यायचा आणि त्याच झोक्यात दांडीच्या वर यायचे. हात सरळ, दांडी मांड्यांना टेकलेली. ही झाली किप. बारवर एका कसरतीतून दुसरीत जाण्याचा हा जिना आहे. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला याच दांड्यांवर १० पैकी १० गुण मिळाले. ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये असे पहिल्यांदाच घडले आणि फलकावर १.०० उमटले, कारण १० दाखवायची त्यात सोयच नव्हती. असा मान मिळवणाऱ्यांनाही सुरुवात या जिन्यापासूनच करावी लागते.

आता खरी गोष्ट. किप नुसत्या जोराने होत नाही. जोर लागतो, पण वेळ साधली नाही तर जोर फुकट जातो. झोपाळा आठवा. पाय योग्य क्षणी फेकले तर झोका वाढतो, अवेळी फेकले तर मरतो. इथेही तसेच. मुलगी दांडी धरून पुढे झुलते आणि अंग पूर्ण लांब होते. त्या टोकाला क्षणभर झोका थांबल्यासारखा होतो. नेमके तेव्हा पाय झटकन वर आणून घोटे दांडीजवळ न्यायचे. मग अंग मागे येऊ लागले की सरळ हातांनी दांडी नडगीवरून मांडीपर्यंत ओढायची, जणू सलवार वर चढवतो आहोत. शेवटी मनगटे वळून दांडीच्या वर यायला हवीत. मनगट खालीच राहिले तर कितीही ताकदीची मुलगी मागे पडते.

आमच्या पोरीचे काय चुकत होते, ते तिच्या सरांनी मला दाखवले. ती घाई करत होती. अंग लांब होण्याआधीच पाय उचलायची, मग कोपर वाकवून स्वतःला वर खेचायची. कोपर वाकले की दांडी अंगापासून दूर जाते आणि सगळे वजन दंडावर येते. म्हणून तिला वाटे, हातात जोर नाही.

घरी काय करता येईल? पुष्कळ करता येईल, आणि तेही पैशाशिवाय. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा. जमिनीवर चटई घालून मुलीला उताणे झोपवा. ट्यूब डोक्यामागे खिडकीच्या मजबूत गजाला, जमिनीलगत बांधा. दोन्ही हातांत ट्यूब धरून, कोपर न वाकवता, डोक्यावरून मांड्यांपर्यंत आणायची आणि सावकाश परत न्यायची. दहा वेळा, मग विश्रांती. उताणे झोपूनच हातात लाटणे धरून, पाय सरळ ठेवून घोटे लाटण्याला लावायचे, हा दुसरा सराव. एवढे पुरे. चौकटीत पाइप ठोकून किंवा मोरीवरच्या दांडीला लटकून किप करू देऊ नका. खाली गादी नाही, पाठीला आधार देणारा जाणता हात नाही, तिथे बारचे काम नाही.

हाताची निगा मात्र आईनेच पाहावी. घट्टा जाड झाला की तो ओढला जाऊन फाटतो. म्हणून अंघोळीच्या वेळी, कातडी मऊ असताना, वज्रीने हलकेच घासून तो सपाट ठेवावा. फाटलाच तर साबण-पाण्याने धुवावा, सुटलेली कातडी ओढू नये, स्वच्छ कात्रीने कापावी आणि पट्टी बांधावी. भरत आल्यावर रात्री खोबरेल तेल लावावे. बारवर जाताना मुली हाताला लावतात ती पांढरी पूड मॅग्नेशियमची असते. तिच्याऐवजी घरची टाल्कम पावडर देऊ नका, तिने हात निसटतो. मनगट दुखते असे मूल पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर ते नाटक समजू नये. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाचा वाढीचा भाग नाजूक असतो. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आणि वजन कमी व्हावे म्हणून भाकरी तोडू नका! डाळ, अंडे, केळे, शेंगदाणे, जे परवडेल ते पोटभर द्या. उंची वाढली की झोक्याची वेळ बदलते, कधी जमलेली किपही काही दिवस बिघडते. त्यात मुलीचा दोष नसतो.

दीपा कर्माकर लहानपणी सपाट तळव्यांची होती. उड्या मारणाऱ्या खेळाडूला ही मोठी अडचण. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टवर चौथी आली, पदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. भारताच्या एकाही महिला जिम्नॅस्टने त्यापूर्वी ऑलिंपिक पाहिले नव्हते.

तिच्या आईला मी एकच विनंती केली. "ताई, दारात पाऊल टाकताच 'आज जमली का?' असे विचारू नका." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी तर कौतुकाने विचारायची." खरेच आहे ते. पण पोरीला त्या प्रश्नात सोडलेले घर ऐकू यायचे. आता ती विचारते, "आज काय काय केलंस?" वडील गोदीत हमाली करतात. त्यांनी एका रात्री स्वतःचा घट्ट्यांचा हात लेकीच्या हाताशेजारी ठेवला आणि दोघे हसत बसले.

ट्यूबचा सराव सुरू होऊन सहा आठवडे झाले. गेल्या बुधवारी ती धावत वर आली. "मावशी, झाली! पण कोपर वाकले, सर म्हणाले ही धरायची नाही." आणि पायरीवर बसून वडा खाता खाता पुढे म्हणाली, "दांडी मांडीला लागली पण. मला कळलं कुठे लागते ते."