शमनासाठी शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया म्हणजे रोग समूळ काढून टाकणे, असे आपण गृहीत धरून चालतो. रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात किंवा एम्समध्ये दूरच्या खेड्यांतून रुग्णाला घेऊन येणारे नातलगही हीच आशा बाळगून येतात. ‘हे ऑपरेशन रोग बरा करण्यासाठी नाही, त्रास कमी करण्यासाठी आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले, की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : मग चिरफाड करायची तरी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर व्हिएन्नात १८८१ साली मिळाले. त्या वर्षी बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे कापून काढला. त्याच वर्षी त्यांचे सहायक व्योल्फ्लर यांच्यापुढे असा रुग्ण आला, की ज्याची गाठ काढण्याजोगी नव्हती आणि जठरातले अन्न पुढे सरकत नव्हते. त्यांनी गाठ तशीच ठेवली व जठर लहान आतड्याला जोडून अन्नाला दुसरी वाट करून दिली. रोग राहिला, उपासमार टळली.

उपशामक शस्त्रक्रियेचे मर्म हेच. मोठे आतडे गाठीने बंद झाले, तर पोटावर छिद्र करून मल पिशवीत घेतात. घशातील गाठीने श्वास कोंडला, तर श्वासनलिकेला गळ्यातून वाट करून देतात. रोगाने पोखरलेले मांडीचे हाड मोडले, तर आत सळई घालतात. तंबाखू आणि गुडाखूचे व्यसन असलेल्या छत्तीसगडात तोंडाचे व घशाचे कर्करोग काही अपरिचित नाहीत. आपल्या आयुर्वेदानेही साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ अशी एक पायरी मानलीच आहे.

मात्र प्रत्येक वेळी शस्त्र हाती घ्यावेच असे नाही. जखम भरण्यास दिवस लागतात. आयुष्य थोडेच उरले असेल, तर ते दिवस फार मोलाचे असतात. कधी औषधांनी, कधी दुर्बिणीतून बसविलेल्या नळीनेही काम भागते. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : नेमका कोणता त्रास कमी होईल? रुग्णालयात किती दिवस जातील? दुसरा उपाय आहे काय?

चौथा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, रुग्णालाच विचारायचा आहे : तुम्हांला काय हवे? मायेपोटी आपण त्याच्यापासून सत्य लपवितो आणि निर्णयाचा त्याचा हक्कही नकळत हिरावून घेतो. कुणाला घास गिळता यावा असे वाटते, कुणाला घरी परतायचे असते. शस्त्रक्रिया सफल झाली की नाही, हे त्या इच्छेवरूनच ठरवावे.