जिताड्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ

ऐका रे पोरांनो, आपल्या मोरव्याच्या खाडीत एक मासा राहतो, तो आधी बाप होतो आणि मग आई. हसू नका, खरं सांगतोय. जिताडा. जन्मल्यावर पहिली काही वर्षं तो नर असतो. मग अंगानं भरला, चांगला चार-पाच किलोच्या पुढं गेला, की पोटातली नराची ग्रंथी मादीच्या अंडाशयात बदलते आणि पुढचं आयुष्य तो मादी म्हणून काढतो. म्हणजे लग्नसराईत आपण हौसेनं जो सर्वांत मोठा जिताडा उचलतो, ती बहुतेक वेळा लाखो अंडी घालू शकणारी आई असते. हे मला उशिरा कळलं. कळलं तरी खायचं सोडलं नाही म्हणा.

त्याची अंडी घालायची तऱ्हाही न्यारी. तळ्यात, नदीत, भातशेतात कुठंही तो वाढेल. गोड्या पाण्यात वाढतो, खाऱ्यात वाढतो, मचूळ पाण्यात तर मजेत राहतो. पण अंडी घालायची म्हटली की त्याला समुद्राचंच खारं पाणी लागतं. तेव्हा तो खाडीच्या मुखाशी जातो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा मुहूर्त धरतो. बारीक अंडी पाण्यात तरंगत राहतात. भरती ती आत लोटते. मग इवलाली पिल्लं खाजणात शिरतात, तिवरांच्या मुळांत लपतात, बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, उघडी सापडली तर आत येतात. पावसाळ्यानंतर अलिबाग-पेणकडचे आपले आगरी भाऊबंद अशीच पिल्लं पकडून घरामागच्या तळ्यात सोडतात. दोन-तीन वर्षांनी पाहुणा आला की तळ्यात जाळं पडतं.

रात्री तळ्याच्या काठाशी जा आणि बॅटरी मारा. पाण्यात दोन तांबूस दिवे पेटल्यासारखे दिसतील. ते जिताड्याचे डोळे. तो भक्ष्याचा पाठलाग करत धावत नाही. एका जागी निवांत असतो. बोय किंवा कोलंबी जवळ आली की तोंड एवढं झपकन उघडतो की पाण्यासकट ती आत ओढली जाते. वर फक्त ‘डबुक’ असा आवाज येतो. ज्याला तो आवाज ओळखता येतो त्याला गळ कुठं टाकायचा हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी मुलखात ‘बास’ नावाच्या माशासाठी लोक होड्या घेऊन दिवस दिवस तळ्यावर बसतात. या आपल्या जिताड्यालाही ते आशियाई सी-बास म्हणतात. तेव्हा बासची शिकार आपल्याला नवी नाही.

आता दुसरा मासा. चिलापी. तो तुम्ही रोज बघता.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली, तमिळनाडूत मंडपमला. हेतू वाईट नव्हता. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा यावा, हा. ती काहीही खाते, घाणेऱ्या पाण्यात तगते, मिठागराच्या खारट चरातसुद्धा जगते. पण सात वर्षांत शहाण्यांच्या लक्षात आलं की हे प्रकरण जड जाणार, आणि १९५९ साली मत्स्य-संशोधन समितीनं सांगितलं, हिचा प्रसार आता पुरे. तोवर फार उशीर झाला होता.

उशीर का झाला, ते काठावर बसून पाहता येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उथळ जागी तळाशी ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. नर ते तोंडानं आणि शेपटीनं खणतो, मग त्यावर पहारा देतो. मादी येते, अंडी घालते आणि घालताच ती तोंडात उचलून घेते. हो, तोंडात! पुढं दहा-बारा दिवस ती जवळजवळ उपाशी. गळ्याखाली फुगवटा आलेला, जबडा अधूनमधून हलतो. आत अंडी खालीवर फिरवत ती त्यांना ताजं पाणी देत असते. पिल्लं निघाली तरी लगेच सोडत नाही. ती तिच्या डोक्याभोवती काळ्या ठिपक्यांच्या ढगासारखी पोहतात. वरून बगळ्याची सावली पडू द्या, मादी तोंड उघडते आणि तो सगळा ढग आत. सावली सरली की पुन्हा बाहेर. मी हे पाहत कितीदा जेवायचं विसरलो असेन. तुमची आजी अजून त्यावरून बोलते.

“मग चिलापी चांगलीच ना, आजोबा?” बरोबर विचारलंस. आई म्हणून तिला तोड नाही. पण हिशेब मांड. दुसरे बरेच मासे अंडी पाण्यावर सोडून देतात आणि त्यातली बहुतेक कोणी ना कोणी खाऊन टाकतं. चिलापीची वाचतात. पाणी गरम असेल तर ती काही आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. तळं भरून गेलं, खायला कमी पडलं, तर तिचं अंग वाढायचं थांबतं, पण अंडी घालणं थांबत नाही. वीतभरही न वाढलेली चिलापी पिल्लं काढायला लागते. तळ्यात मासेच मासे, पण सगळे बोटाएवढे. त्यात ती दुसऱ्यांची अंडी खाते, काठाची उथळ जागा अडवते, शेवाळ फस्त करते.

उजनीला जा. भीमेवरचं ते धरण १९८० साली पुरं झालं. भिगवणच्या बाजारात उभे राहिलात तर चिलापीचे ढीगच्या ढीग दिसतील, आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलांतही तळलेली चिलापी. मरळ, वाम, शिंगटा यांच्याबद्दल विचारलंत तर जुने मच्छीमार मान हलवतात. पण त्यांच्याच घरची चूल आज चिलापीवर पेटते, हेही विसरू नका. परक्या माशाची गोष्ट सांगताना लोक त्याला सरळ राक्षस करून टाकतात. मला ते पटत नाही.

आता तुम्हाला जिताड्याच्या चुलतभावाकडे नेतो. व्हिक्टोरिया नावाचं सरोवर आहे, युगांडा, केनिया आणि टांझानिया यांच्या मध्ये. अख्खं कोकण दोनदा मावेल एवढं मोठं. पंधराएक हजार वर्षांपूर्वी ते कोरडं पडलं होतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. पुन्हा भरलं, आणि एवढ्याशा काळात तिथं चिलापीच्या नात्यातल्या इवल्या माशांच्या सुमारे पाचशे जाती तयार झाल्या. कोणी गोगलगायी फोडून खायचा, कोणी शेवाळ खरवडायचा, कोणी दुसऱ्याच्या अंगाचे खवले उपटून खायचा, आणि एक बहाद्दर तर दुसऱ्या मादीच्या तोंडातली पिल्लं पळवायचा. सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनात या चिमुकल्यांचा वाटा सुमारे ८० टक्के होता.

या सरोवरातून नाईल नदी निघते. वाटेत मर्चिसनचा धबधबा आहे, चाळीसेक मीटर उंच. धबधब्याच्या खालच्या पाण्यात एक मासा राहायचा, नाईल पर्च. आपल्या जिताड्याच्याच वंशातला. तशीच पाठ, तसाच जबडा, फक्त दोन मीटरपर्यंत लांब आणि दोनशे किलोपर्यंत वजनाचा. धबधबा त्याला वर चढता येत नव्हता. हजारो वर्षं वरचे वर, खालचा खाली.

मग तिथल्या इंग्रज साहेबांना वाटलं, सरोवरात एवढे बारके मासे फुकट जातायत, त्यांच्यावर मोठा मासा पोसला तर? गळाला मोठी शिकार लागेल, बाजारात पैसा येईल. ज्यॉफ्री फ्रायर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० साली लिहून इशारा दिला होता. पण १९५० च्या दशकातच मासे धबधब्याच्या वर पोचवले गेले होते आणि पुढं उघडपणे सोडले गेले. वीसेक वर्षं काही झालं नाही. लोक म्हणाले असतील, बघा, उगाच घाबरवत होता. १९८० च्या दशकात पर्चचा स्फोट झाला. ८० टक्क्यांचा वाटा घसरून एक-दोन टक्क्यांवर आला. दोनशेच्या आसपास जाती दिसेनाशा झाल्या.

आणि त्यातली क्रूर गंमत अशी, की ते बारके मासेही पिल्लं तोंडातच सांभाळायचे. ज्या युक्तीनं आपल्याकडे चिलापी वाचली, ती तिथं कामाला आली नाही, कारण पर्च आईलाच पिल्लांसकट गिळायचा. शिवाय तोंडात मावतील तेवढीच थोडी अंडी. एकदा संख्या घटली की भरून यायला वेळ लागतो.

त्याची साखळी पुढं कुठवर गेली बघा. बारके मासे लोक उन्हात वाळवायचे. पर्च तेलकट, तो उन्हात वाळत नाही, धुरावर भाजावा लागतो. म्हणून काठावरची झाडं तुटली. कारखाने आले, पर्चचे तुकडे विमानानं युरोपला जायला लागले, लाखोंना काम मिळालं. नंतर इतकी मासेमारी झाली की पर्चही कमी झाला आणि काही चिमुकल्या जाती परत दिसू लागल्या. गेलेल्या बहुतेक आल्या नाहीत.

थोरला विचारतोय, “मग जिताडा तळ्यात सोडला तर तोही सगळं खाईल?” खाईल की! चिलापीची पोरं तर आवडीनं खाईल, म्हणून तर काही तळ्यांत दोघांना एकत्र ठेवतात. पण इथंच सगळी मेख आहे, नीट ऐक. जिताडा गोड्या तळ्यात पिल्लं घालू शकत नाही. त्याला समुद्र लागतो. चेन्नईच्या ‘सिबा’ या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेनं १९९७ साली त्याचं बीज मुद्दाम तयार करून दाखवलं, तेही खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत. म्हणजे तळ्यात दहा जिताडे सोडले तर ते दहाच राहतात, आणि खाल्ले की संपले. पर्चला समुद्राची गरज नाही. त्याला गोडं पाणीच माहेर. दोन चुलतभाऊ, भूक सारखीच, फरक फक्त बाळंतपणाच्या जागेचा. एका फरकानं एक मासा तळ्याचा पाहुणा राहिला आणि दुसरा मालक झाला.

परका मासा पाण्यात शिरायचा हा प्रकार जपानात तर खुद्द राजघराण्याच्या हातून घडला. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज आकिहितो यांना ब्लूगिल नावाचे मासे भेट दिले. ते स्वतः माशांचे अभ्यासक. मासे संशोधनासाठी दिले गेले, आणि पुढं बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या सरोवरात पसरले. अमेरिकेचा बासही तिथं घुसला. पुढं सम्राट झालेल्या आकिहितोंनी २००७ साली, आपल्याला याचं वाईट वाटतं, असं जाहीर बोलून दाखवलं. आज बिवाच्या काठी परक्या माशांसाठी पेट्या ठेवल्या आहेत. बास किंवा ब्लूगिल गळाला लागला तर तो परत पाण्यात सोडायला तिथं बंदी आहे, पेटीत टाकायचा. गळवाल्यांना ते मुळीच आवडत नाही, पण मला आवडलं.

आपल्याकडे आता नवं संकट काचेच्या पेटीतून येतंय. घरी मत्स्यालयात काच चाटणारा सकर मासा असतो ना, तो दक्षिण अमेरिकेचा. अंगावर हाडांचं चिलखत, पाठीवर काटे, पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. पेटीत मावेना झाला की कोणीतरी दया येऊन तळ्यात सोडतो. आज तो उजनीच्या जाळ्यांत येतो. जाळं फाडतो, काढायला वेळ खातो, विकला जात नाही, आणि काठात बिळं करून अंडी घालतो. आफ्रिकन मांगूरवर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, तरी भिवंडीकडे त्याची चोरून शेती पकडली जाते. आणि हो, मलेरियासाठी विहिरीत सोडतात तो गप्पीही परकाच.

मी ज्याला त्याला एकच प्रश्न विचारतो: तो इथं पिल्लं घालील का? उत्तर ‘हो’ असेल तर सोडताना दहा वेळा विचार करा, कारण सोडलेला परत काढता येत नाही. तुमच्या पेटीतला मासा नको झाला असेल तर दुकानदाराला परत द्या, ओळखीतल्या कोणाला द्या, पण आपल्या गावच्या तळ्यात, मिठागराच्या चरात किंवा खाडीत ओतू नका.