न्यायाधीशाविरुद्ध तक्रार कशी करायची

गेल्या वर्षी शेजारच्या काकांबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो. वाटपाचा दावा. अकरापासून बाकावर बसलो, साहेब आले दीडला. काकांचे वकील उभे राहताच ‘तुमच्यासारख्यांमुळेच दावे तुंबतात’ असं सगळ्यांदेखत सुनावून त्यांनी पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर व्हरांड्यात जो तो तावातावानं बोलत होता. तक्रार करू या म्हटल्यावर एकेक जण एसटी स्टँडकडे निघाला. ‘आपल्याला परत याच कोर्टात यायचंय,’ काकाही म्हणाले.

ही भीती खोटी नाही. पण वाट माहीत नसली की ती दुप्पट होते, आणि आपण गप्प बसतो हे वाईट न्यायाधीशाला चांगलं ठाऊक असतं. म्हणून ही वाट टप्प्याटप्प्यानं सांगतो.

आधी स्वतःला विचारा: निकाल चुकला, की वागणूक चुकली? बहुतेक तक्रारी इथंच फसतात. ‘माझ्याविरुद्ध निकाल दिला’ ही तक्रार होत नाही. त्यासाठी अपील आहे. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाच्या सहीशिक्क्याची प्रत, मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

चुकीचा निकाल वरच्या कोर्टात कसा उलटतो, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ च्या निकालानं दाखवलं. बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असं त्यात म्हटलं होतं. लोक संतापले, अपिलं झाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला.

वागणुकीची गोष्ट वेगळी. पैसे मागणं, एकाच पक्षकाराला खासगीत भेटणं, जातीवरून किंवा बाई म्हणून अपमान करणं, कोर्टात वेळेवर न बसणं, निकाल अडकवून ठेवणं. याची तक्रार होते.

मग पुरावा. रोजनामा म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. खटल्याला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की तारखा आणि आदेश दिसतात. प्रत्येक तारखेनंतर ते वाचायची सवय लावा. आपण दिवसभर बाकावर असताना ‘वादी गैरहजर’ अशी नोंद पडलेली असू शकते. तसं दिसलं तर लगेच वकिलांमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्यावा. सहा महिन्यांनी सांगून कोणी ऐकत नाही. शिवाय एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथं कोण होतं. काकांच्या वहीत आज अकरा तारखा आहेत.

निकाल रखडला असेल तर मुदतीही माहीत हव्यात. दिवाणी दाव्यात युक्तिवाद संपल्यावर साधारण ३० दिवसांत, फारच अडचण असेल तर ६० दिवसांत निकाल यावा, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. उच्च न्यायालयात राखून ठेवलेला निकाल तीन महिन्यांत आला नाही तर लवकर द्यावा म्हणून अर्ज करता येतो. सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्या, असं मुख्य न्यायमूर्तींकडे मागता येतं. हे सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच सांगून ठेवलंय.

आता अवमानाची भीती. न्यायालय अवमान कायदा, १९७१ चं कलम ६ वाचा. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाबद्दल सद्‌भावनेनं उच्च न्यायालयाकडे केलेली तक्रार अवमान ठरत नाही. मात्र तोच अर्ज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर या कलमाचं संरक्षण मिळत नाही. हौसेनं पुढे पाठवलेली एक प्रत आपल्यालाच अडचणीत आणते.

तक्रार एक-दोन पानी असावी. तारखा क्रमानं, विशेषणं शून्य. ‘भ्रष्ट’ लिहू नका. काय झालं ते लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर केलेलं लेखी निवेदन, आणि नकला जोडा. निनावी किंवा पुराव्याविना आलेला अर्ज बाजूला पडतो.

खालच्या कोर्टांवर राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. म्हणून तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या नावे, रजिस्ट्रार कार्यालयात द्यावी. प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडेही देता येते. प्रत्येक जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे एक पालक न्यायमूर्ती नेमलेले असतात, प्रत त्यांनाही पाठवा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची चौकशी गोपनीय चालते आणि तक्रारदार बराच काळ अंधारात राहतो. मला ही या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. दर दोन महिन्यांनी पोच क्रमांक देऊन लेखी विचारणा करत राहावं.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविरुद्धची तक्रार मुख्य न्यायमूर्ती किंवा सरन्यायाधीशांकडे जाते. पदावरून दूर करायचं तर ते काम संसदेचं. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, तिघांच्या समितीची चौकशी, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं, दोन्ही हवीत.

मे १९९३ मध्ये याच पद्धतीनं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीनं चौदापैकी अकरा आरोप सिद्ध धरले होते. प्रस्तावाच्या बाजूनं १९६ मतं पडली. विरोधात एकही नाही. सत्ताधारी पक्षाचे आणि त्याच्या मित्रपक्षांचे २०५ खासदार सभागृहात बसून तटस्थ राहिले, एकूण सदस्यांचं बहुमत झालं नाही आणि प्रस्ताव पडला.

रस्त्यासाठी, रेल्वेच्या थांब्यासाठी आपण खासदारांच्या संपर्क कार्यालयात निवेदन देतोच. असा प्रस्ताव पुन्हा येईल तेव्हाही तसंच लेखी निवेदन द्यावं, त्याचीही पोच घ्यावी, आणि मतदान झाल्यावर जाऊन विचारावं की साहेब, आपलं मत कुठं पडलं?