निर्बंध उठविण्याचे माप

टाळेबंदी लादण्याचा निर्णय एका रात्रीत घेता येतो आणि लोकही तो भीतीपोटी मानतात. परंतु ती उठविताना, आज दिलेल्या मुभेचा परिणाम रुग्णालयांत दिसू लागण्यास दोनेक आठवडे जात असल्यामुळे, राज्यकर्त्याला पुढचे काही दिसत नसतानाच पाऊल टाकावे लागते. करोनाची दुसरी लाट ओसरत असता महाराष्ट्र शासनाने ४ जून २०२१ रोजी जारी केलेला हुकूम मला म्हणूनच मोलाचा वाटतो, कारण त्याने ही मोकळीक कोणाच्या मर्जीवर न ठेवता दोन आकड्यांवर सोपविली.

शंभर चाचण्यांमागे बाधित किती, हा पहिला आकडा. प्राणवायूच्या खाटांपैकी भरलेल्या किती, हा दुसरा. पहिला ५ टक्क्यांच्या आणि दुसरा २५ टक्क्यांच्या आत असेल तो जिल्हा पहिल्या स्तरात, म्हणजे बहुतांशी मोकळा. पहिला २० किंवा दुसरा ७५ टक्क्यांपलीकडे गेला की पाचव्या, सर्वांत कडक स्तरात. दोहोंची गरज अशी, की केवळ तापाने फणफणलेल्यांचीच चाचणी केली तर बाधितांचे प्रमाण फुगते, आणि नाक्यावर धडधाकट वाटसरूंच्या चाचण्या वाढविल्या तर साथ तसूभर न हटताही ते उतरते. खाटांचा आकडा असा सहजासहजी हलत नाही, मात्र तो मागाहून कळतो.

पुढे २५ जूनला, विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने, आकडे काहीही असोत, कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराखाली येणार नाही असे ठरले. सावधगिरी अनाठायी नव्हती. तरीपण पहिल्या स्तराची अट पुरी करून बसलेल्या जिल्ह्यातल्या कापडदुकानदाराला, गावी गेलेले नोकर परत बोलावल्यावर, पुन्हा दुपारी चारला दुकान बंद करून शनिवार-रविवार कुलूप लावावे लागले, आणि शासनाच्या पुढच्या शब्दावरचा त्याचा विश्वास तेवढा उणावला.

मोकळिकीच्या पुढच्या टप्प्यातही असेच काही झाले. १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल लसीची दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली, ती अट वैद्यकीयदृष्ट्या रास्तच होती. पण कोव्हिशील्ड लसीच्या दोन मात्रांतील अंतर तेव्हा १२ ते १६ आठवड्यांचे होते, त्यामुळे जूनमध्ये पहिली मात्रा मिळालेली विरारची तरुण कामगार स्त्री कितीही तत्पर असली तरी त्या दिवशी पात्र ठरणे शक्यच नव्हते. तिच्यासारख्यांची दुसरी मात्रा केव्हा येते याचा हिशेब मांडून, तोवर त्यांच्या प्रवासाची तजवीज लोकल खुली करणाऱ्या हुकुमातच करून ठेवावयास हवी होती.