प्लास्टरमधल्या हाताची तालीम

सिडकोतल्या एका आईने विचारलं आहे, ‘मुलीचं डावं मनगट मोडलंय. कराटेचा क्लास बंद करू का? ती रोज रडते.’ आपल्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात ‘साई’चं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तिथे तलवारबाजी चालते, कराटे-तायक्वांदोचे वर्ग तर गल्लोगल्ली. हा प्रश्न आणखी बऱ्याच घरांत पडला असेल.

ताई, क्लास बंद करू नका. विश्रांती डाव्या हाताला हवी, अख्ख्या मुलीला नव्हे. आणि उजव्या हाताचा व्यायाम डाव्याच्याही कामी येतो!

हे 1894 साली येल विद्यापीठात दिसलं. मिस एमिली ब्राउन रबरी फुगा मुठीत दाबायच्या आणि नळीतला पारा किती चढला ते मोजलं जायचं. सुरुवातीला डाव्या हाताने पारा 29.6 इंच चढला. मग सराव केला तो फक्त उजव्याने. शेवटी डाव्याने पुन्हा दाबून पाहिलं, तर 42.3 इंच! शोधाला नाव चिकटलं तिथल्या प्रयोगशाळेतल्या एडवर्ड स्क्रिप्चर यांचं. लेखावर ब्राउन आणि हात स्थिर ठेवण्याचा सराव करणाऱ्या थिओडेट स्मिथ यांचीही नावं आहेत, पण ती कुणाच्या तोंडी नाहीत. खरं तर त्या दोघींची नावं आधी यायला हवीत.

इथे डाव्या हाताचा स्नायू फुगत नाही, शिकतो तो मेंदू. उजवी मूठ जोरात आवळताना मेंदूच्या दोन्ही अर्धांत हालचाल होते. आखाड्यात वस्ताद एकाला डाव शिकवतात आणि हौद्याच्या कडेला बसलेला पोरगा बघून बघून तो उचलतो, तसंच हे. कॅनडात जोनाथन फार्दिंग यांनी धडधाकट माणसांचा एक हात तीन आठवडे बांधून ठेवला. ज्यांनी दुसऱ्या हाताने व्यायाम केला, त्यांच्या बांधलेल्या हाताची ताकद टिकली, इतरांची घटली.

मात्र ‘अर्ध्या वेळात बरे व्हा’ म्हणणाऱ्या रील्सना भुलू नका. मिस ब्राउन यांची 43 टक्के वाढ ही एकटीची. पुढच्या अनेक प्रयोगांची सरासरी 8 ते 12 टक्क्यांच्या घरात आहे. हाड तर त्याच्या वेळेनेच सांधतं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर धीर आणखी लागतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं, असं 2016 च्या एका अभ्यासात आढळलं. हेलसिंकीत 1952 साली कांस्य जिंकणाऱ्या आपल्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं पुढचं ऑलिंपिक गुडघ्यानेच हुकवलं, याची हळहळ अजून वाटते.

तेव्हा डॉक्टरांना विचारून मुलीला क्लासला पाठवा. उजव्या हाताने रबरी चेंडू जोर लावून दाबू दे, खुर्चीत बसून काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) मनात घोळवू दे. किक आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) मात्र प्लास्टर निघून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत नको. तोल गेला की माणूस आधी हातच टेकतो.