शिरालींचा वाद्यमेळ

रविशंकर म्हटलं की सतार, उदयशंकर म्हटलं की नाच. पण त्या नाचाला संगीत कुणी दिलं, असं विचारलं की आपल्या सीमाभागातही माणसं गप्प होतात. आडनाव मात्र आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातलं, भटकळ तालुक्यातल्या शिराली गावाचं. विष्णुदास शिराली हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि पलुस्कर कुरुंदवाडचे. दोन भाषांच्या घरांना आणखी काय हवं?

मला शिराली आठवले ते आमच्या लेकीमुळे. ती नववीत आहे, पाच वर्षं तबला शिकतेय. गेल्या मे महिन्यात कुळगीला वनखात्याच्या शिबिरात राहिलो होतो. तिथं तिनं जाहीर केलं, "साकु आई, तबला सोडते. आपल्या संगीतात शब्दांशिवाय गोष्टच सांगता येत नाही. तबला नुसता मागं मागं!" तिच्या अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.

तिच्या डोक्यात होता स्ट्राविन्स्कीचा 'फायरबर्ड'. हा बॅले 1910 साली पॅरिसला झाला. त्याचा 1919 चा सूट जास्त वाजतो. (सूट म्हणजे खरेदीतली सवलत नव्हे आणि अंगावरचा कोटही नव्हे; नाचातले निवडक तुकडे मैफलीसाठी एकामागे एक लावायचे, तो सूट.) मोबाइलवर तोच लावला. सुरुवातीला चेलो आणि डबल बास अगदी खर्जात घुमतात. समोर कुळगीचं रान असल्यावर वेगळं वर्णन कशाला? पक्ष्याला सगळे कोमल-तीव्र स्वर एकापाठोपाठ घेणाऱ्या, हाती न लागणाऱ्या सुरावटी आहेत. राजकन्यांना साध्या रशियन लोकगीतांच्या चाली. माणूस कोण आणि जादूचं कोण, हे न सांगता कळतं. शेवट तर सात मात्रांत जातो. लेक म्हणाली रूपक, तिचे अप्पा म्हणाले मिश्र चापु. वाद तिथंच राहिला.

एवढा मोठा ऑर्केस्ट्रा शिरालींकडे नव्हता, पाश्चात्त्य हार्मनीही नव्हती. उदयशंकरांचा ताफा 1931 साली पॅरिसच्या रंगमंचावर उतरला, तो भारतीय वाद्यं घेऊन. वाद्यमेळाची धुरा आधी तिमिर बरन यांच्याकडे होती, नंतर शिरालींकडे आली. एका चालीखाली दुसरे स्वर रचायचे नाहीत, मग प्रसंग उभा करायचा कसा? वाद्यं बदलून, लय बदलून, राग बदलून. बासरी एकटी सोडायची, मग तंतुवाद्यं आणायची, मग घंटा-झांजा. आणि तबलातरंग! वेगवेगळ्या स्वरांत लावलेले तबले अर्धवर्तुळात मांडले की तालवाद्यच चाल गाऊ लागतं. "मागं मागं" म्हणणारीला हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

1937 साली अमेरिकेत त्यांच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला तीन-चार मिनिटं, त्यात अख्खा नाच बसवायचा. खयाल ऐकून वाढलेल्या माझ्या कानाला तिथं घाई वाटते. राग ओळखीचा होतोय तोच संपतो. पण नाचणाऱ्याच्या पायाला आलाप कुठं परवडतो? 1948 च्या 'कल्पना' चित्रपटाचं संगीतही शिरालींचंच. त्यात माणसं यंत्राचे भाग होऊन नाचतात तो प्रसंग जरूर पाहा. तिथं ठेका साथीला नाही. गोष्ट पुढं नेतो तो ठेकाच. हा चित्रपट दुरुस्त होऊन 2012 साली कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हाही गाजलं ते उदयशंकरांचंच नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून धनेश गेला, म्हणजे आमच्या घरातला मंगट्टे. त्याच्या पंखांचा आवाज पक्षी दिसायच्या आधी येतो, भाता ओढल्यासारखा. लेकीनं मांडीवर बोटांनी तो मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही, दर वेळी अंतर थोडं बदलत होतं.

घरी आल्यावर तिनं 'कल्पना'तला तो यंत्रांचा प्रसंग तीनदा लावला. तबल्याच्या वर्गाची फी भरायची मुदत दहा तारखेची आहे. अजून तिनं नको म्हटलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.